प्राण्यांविषयीचे कर्तव्य : दया एक, वाटा वेगळ्या

जबलपूर शहरातील पशुवैद्यकांपुढे दोन अगदी वेगळ्या जगांतील प्राणी येतात. परियट नदीच्या काठावरील गोठ्यांतील एखादी म्हैस आजारी पडली की तिच्यासाठी डॉक्टरांना बोलावणे जाते. आणि कान्हा, पेंच किंवा बांधवगडच्या जंगलात वाघ मरून पडला की त्याच्या मृत्यूचे कारण शोधण्याचे काम अनेकदा याच शहराकडे येते. म्हशीच्या बाबतीत काय करावे याविषयी शंका नसते. तिच्यावर उपचार करावयाचे असतात. जखमी वाघाच्या बाबतीत मात्र औषध कोणते द्यावे हा पहिला प्रश्न नसतो. मुळात त्याला हात लावावा की नाही, हे आधी ठरवावे लागते. वेदना दोन्ही जीवांना होतात. मग माणसाचे त्यांच्याविषयीचे कर्तव्य वेगवेगळे का असावे?

प्राण्यांविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा 'प्राणिमित्र' आणि 'माणसांची बाजू घेणारे' अशा दोन तटांत विभागली जाते. एका बाजूला दया असते, दुसऱ्या बाजूला व्यवहार असतो, असे मानले जाते. जबलपूर आणि त्याच्या भोवतालच्या अरण्यप्रदेशात गेल्या काही वर्षांत घडलेल्या घटना पाहिल्या तर ही विभागणी अपुरी ठरते. कधी दया कमी पडल्याने प्राण्यांचे हाल झाले, तर कधी चुकीच्या ठिकाणी दाखविलेल्या दयेनेच त्यांचा घात केला. म्हणूनच दया असावी की नसावी यापेक्षा, कोणत्या प्राण्याचे आपण नेमके काय देणे लागतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

जबलपूरच का?

जबलपूरमधील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले. २००९ मध्ये त्याच्या आधारावर स्वतंत्र पशुवैद्यक विद्यापीठ स्थापन करण्यात आले आणि पुढे त्याला नानाजी देशमुख यांचे नाव देण्यात आले. मराठवाड्यातील कडोळी येथे जन्मलेल्या आणि चित्रकूट परिसरात ग्रामविकासाचे कार्य उभारणाऱ्या नानाजींना २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले. या विद्यापीठात गुरे, घोडे, शेळ्या आणि कुत्री यांच्या उपचारांचे शिक्षण दिले जाते. त्याचबरोबर वन्यप्राण्यांचे आरोग्य आणि न्यायवैद्यक या विषयांसाठी येथे स्वतंत्र विभाग आहे. मृत वन्यप्राण्यांचे शवविच्छेदन, शिकारीच्या प्रकरणांतील मांस, कातडी व हाडे यांची ओळख पटविणे, तसेच जंगलात जाऊन उपचार करणे ही कामे या विभागातील तज्ज्ञ करतात.

याच शहरात १९५६ पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे. प्राण्यांविषयीचे राज्यातील अनेक वाद अखेर येथेच पोहोचतात. विज्ञान आणि न्याय या दोन्ही मार्गांनी प्राण्यांचा प्रश्न जेथे येऊन थांबतो, असे हे ठिकाण आहे.

पाळीव प्राणी : आश्रिताचे ऋण

२०२५ च्या एप्रिलअखेरीस आणि मेच्या प्रारंभी हैदराबादहून ५७ घोडे जबलपूर जिल्ह्यातील पनागर भागात आणण्यात आले. भर उन्हाळ्यात रस्त्याने झालेल्या या दीर्घ प्रवासानंतर काही दिवसांतच त्यांपैकी आठ घोडे मरण पावले. घोड्यांमध्ये आढळणारा आणि माणसांनाही होऊ शकणारा ग्लँडर्स हा घातक रोग तर नाही ना, हे तपासण्यासाठी रक्ताचे नमुने हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठविण्यात आले. पुढे हे प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. यातील जबाबदारी कोणाची, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु पाळीव प्राण्याची स्थिती किती परावलंबी असते, हे या घटनेने पुन्हा दाखवून दिले. कोठे जायचे, केव्हा निघायचे, वाटेत पाणी केव्हा प्यायचे, यांपैकी एकही गोष्ट त्या घोड्यांच्या हाती नव्हती.

पाळीव प्राण्याविषयीच्या कर्तव्याचे मूळ येथे आहे. हजारो वर्षांच्या निवडीतून माणसाने गाय, बैल, घोडा आणि कुत्रा यांना असे घडविले की ते माणसावाचून सहसा जगू शकत नाहीत. त्यांचे स्वातंत्र्य आपण घेतले आणि त्या बदल्यात दाणापाणी, निवारा व औषधोपचार देण्याचे अलिखित वचन दिले. पोळ्याच्या सणामागेही हीच भावना आहे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवले जात नाही. आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी होते आणि मग त्याला पुरणपोळीचा घास भरविला जातो. वर्षभर ज्याच्या खांद्यावर संसार चालला, त्याचे ऋण शेतकरी त्या दिवशी जाहीरपणे मान्य करतो.

हे वचन कायद्यात उतरण्यास मात्र वेळ लागला. नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी गेल्या शतकाच्या पन्नाशीत यासाठी खासगी विधेयक मांडले. त्यातून पुढे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हा या कायद्याने गुन्हा ठरविला. जनावरांच्या वाहतुकीचे तपशीलवार नियम १९७८ मध्ये करण्यात आले. परंतु मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये इतकाच होता आणि पुढील सहा दशके ही कमाल मर्यादा बदलली नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु उपासमार, गर्दीने कोंबून केलेली वाहतूक आणि क्षमतेपेक्षा अधिक ओझे या रोजच्या हालांसाठी आधार घ्यावा लागतो तो मुख्यतः १९६० च्या कायद्याचाच.

पाळीव प्राण्याला नेमके काय मिळाले पाहिजे, याचे उत्तर पशुविज्ञानाने दिले आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने शेतीवरील जनावरांच्या स्थितीचा अहवाल दिला. त्या विचारातून पुढे 'पाच स्वातंत्र्ये' ही संकल्पना आकाराला आली. भूक व तहान, अस्वास्थ्य, वेदना व रोग, आणि भीती व मानसिक ताण यांपासून मुक्तता ही त्यांतील चार आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक ही पाचवी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जलिकट्टूच्या निकालात ही पाच स्वातंत्र्ये भारतीय कायद्याच्या अर्थात समाविष्ट केली. पुढे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरविल्या. त्यामुळे महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना अटींसह मार्ग मोकळा झाला. शर्यतीला परवानगी असली तरी बैलाला भूक, भय आणि वेदना यांपासून दूर ठेवण्याचे मालकाचे कर्तव्य संपत नाही. निकालांच्या या मालिकेतील हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मालक हरवलेले प्राणी

पाळीव प्राण्याविषयीचे वचन मोडले की तो मोकाट होतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील मोकाट गुरांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम गेले, दूध आटल्यावर गाईचा खर्च परवडेनासा झाला. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या हत्येवर बंदी आहे. अशा वेळी दावे सोडून जनावर रस्त्यावर आणून सोडणे हा मार्ग अनेकांनी पत्करला. रात्रीच्या महामार्गावर बसलेली गुरे आणि त्यांना धडकणारी वाहने हा जबलपूरच्या उच्च न्यायालयापुढेही आलेला विषय आहे. येथे जनावर मरते, तसा दुचाकीस्वारही मरतो.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावे, ही पद्धत २००१ च्या नियमांनी स्वीकारली आणि २०२३ च्या नियमांनी कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हटवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. या निर्णयावर देशभर मतभेद झाले. तथापि एका गोष्टीकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होते. एकनाथ महाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतील गंगाजल पाजले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. त्या क्षणी तीच खरी दया होती. परंतु रोज रस्त्यावर पोळी टाकून निघून जाणे म्हणजे कर्तव्य पूर्ण करणे नव्हे. ज्या जीवाला आपण परावलंबी केले त्याला अन्नाबरोबर लस, निवारा आणि जबाबदार धनी हवा असतो.

वन्यप्राणी : दूर राहण्याचे कर्तव्य

जंगलात पाऊल टाकताच कर्तव्याचे स्वरूप पालटते. पेंच व्याघ्र प्रकल्पातील 'कॉलरवाली' या नावाने प्रसिद्ध झालेल्या वाघिणीचे उदाहरण घेता येईल. २००८ मध्ये तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसविण्यात आली, त्यावरून तिला हे नाव पडले. आठ वेतांत तिने २९ बछड्यांना जन्म दिला. १५ जानेवारी २०२२ रोजी, वयाची सोळा वर्षे ओलांडल्यानंतर, तिचा मृत्यू झाला. अखेरच्या दिवसांत ती अशक्त झाली होती. वन अधिकारी आणि पशुवैद्यक तिच्यावर लक्ष ठेवून होते. पण तिला पिंजऱ्यात ठेवून काही महिने अधिक जगविण्याचा प्रयत्न झाला नाही. ती जंगलात जगली आणि जंगलातच मरण पावली. तिच्या अंत्यसंस्काराला स्थानिक आदिवासी गावकरी उपस्थित होते.

हे निष्ठुरपणाचे वाटू शकते. परंतु त्यामागे विचार आहे. वाघांच्या आपसांतील लढाईत झालेली जखम, म्हातारपणी आलेली दुर्बलता आणि शिकार न मिळाल्याने आलेला मृत्यू हे जंगलाच्या व्यवहाराचे भाग आहेत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीचा रोखही असाच आहे. वृद्ध किंवा नैसर्गिक कारणाने जखमी झालेल्या वाघाला जंगलात बांधलेले भक्ष्य पुरवू नये, निसर्गक्रमात ढवळाढवळ करू नये, हे त्यातील मूळ सूत्र आहे. आयते भक्ष्य मिळण्याची सवय लागलेला वाघ माणसांच्या जवळ येऊ लागतो. त्याने अडवून ठेवलेला मुलूख तरुण वाघाला मिळत नाही. शिवाय वाघाला वाचवायचे तर चितळाचा किंवा रेड्याचा जीव जाणारच. एका प्राण्यावर केलेली दया दुसऱ्या प्राण्याच्या जिवावर उभी असते, हे जंगलात विसरता येत नाही.

याचा अर्थ वन्यप्राण्यांसाठी काहीच करावयाचे नाही, असा नाही. त्यांना हवा असतो तो औषधापेक्षा अधिवास. कान्ह्याचा बारशिंगा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कठीण जमिनीवर राहणाऱ्या या हरणाची ही उपजाती १९७० साली कान्ह्यात अवघ्या ६६ पर्यंत घटली होती. एकेका हरणावर उपचार करून ती वाचली नसती. त्यासाठी गवताळ कुरणे मोकळी करण्यात आली, मांसभक्षक प्राण्यांपासून सुरक्षित कुंपण उभारून प्रजननाला वाव देण्यात आला आणि शिकारीला आळा घालण्यात आला. संख्या सावरल्यानंतर २०१५ पासून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि २०२३ मध्ये बांधवगडमध्येही बारशिंगे नेऊन सोडण्यात आले. बांधवगडमधून नाहीसा झालेला रानगवाही २०११ आणि २०१२ मध्ये कान्ह्यातून आणलेल्या ५० गव्यांच्या रूपाने तेथे परतला. येथे माणसाने कळप जपला आणि त्यातील प्रत्येक प्राण्याचे जगणे-मरणे मात्र जंगलावर सोपविले.

माणसाने केलेले नुकसान

पाळीव आणि वन्य यांच्या मध्ये तिसरा गट आहे. हे प्राणी वन्यच असतात, परंतु त्यांच्या संकटाचे कारण माणूस असतो, किंवा त्यांची सारी भिस्त काही काळापुरती माणसावर येऊन पडते. अशा वेळी 'निसर्गाला त्याचे काम करू द्या' हे उत्तर पुरेसे नसते. विजेच्या तारेने जखमी झालेला बिबट्या किंवा फासकीत पाय अडकलेले अस्वल यांना वाचविणे ही नुकसानभरपाई आहे. तिला निसर्गात हस्तक्षेप म्हणता येणार नाही.

पोरक्या बछड्यांचा प्रश्न या सीमेवरचा आहे. वाघाचा लहान बछडा आईवाचून जगत नाही. त्याला उचलून आणले तर तो माणसाळतो आणि मग जन्मभर पिंजऱ्यात राहतो. कान्ह्यातील घोरेला येथील कुंपणात यावर वेगळा मार्ग शोधण्यात आला. पोरक्या झालेल्या दोन बहिणींना तेथे माणसाच्या सहवासापासून शक्य तितके दूर ठेवून वाढविण्यात आले आणि शिकारीची सवय लावण्यात आली. २००९ पर्यंत पन्ना व्याघ्र प्रकल्पातील सर्व वाघ नाहीसे झाले होते. तेथे वाघ पुन्हा वसविण्याच्या योजनेत मार्च २०११ मध्ये यांतील पहिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरी वाघीण सोडण्यात आली. या वाघिणी जंगलात स्थिरावल्या आणि त्यांनी पिल्लांना जन्म दिला. या उपक्रमाचे यश त्यांना जगविण्यात होतेच, पण त्याहून अधिक त्यांना माणसाची गरज उरू न देण्यात होते. पाळीव प्राण्याला आपण जवळ घेतो. पोरक्या वन्यप्राण्याला मात्र दूर जाण्यासाठी वाढवावे लागते.

रस्त्यांच्या बाबतीतही हीच नुकसानभरपाई लागू होते. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलाला छेदून जातो. हा रस्ता रुंद करताना न्यायालयीन लढाईनंतर वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवण्यात आले. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ मार्ग आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ प्रजातींचे प्राणी त्या मार्गांनी ये-जा करताना टिपले गेले. धडक बसल्यानंतर प्राण्यावर उपचार करण्यापेक्षा ती होणारच नाही असा रस्ता बांधणे, ही अधिक खरी दया आहे.

पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ राहिलेले हत्ती या वर्गवारीत कोठे बसतात, हे सांगणे अवघड आहे. हत्ती हा बैलासारखा माणसाने घडविलेला प्राणी नाही; तो पकडून आणलेला किंवा अशा हत्तीणीच्या पोटी जन्मलेला वन्यजीवच आहे. कान्ह्यातील वन विभागाच्या हत्तींना दर वर्षी काही दिवस कामातून पूर्ण विश्रांती देऊन त्यांची तपासणी केली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमध्ये हलविण्यात आली, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. लोकांची माया खरी होती आणि हत्तीणीच्या प्रकृतीविषयीची काळजीही खरी होती. असे वाद आपुलकीच्या मोजमापाने सुटत नाहीत. त्या प्राण्याला चालण्यास मोकळी जमीन, स्वजातीयांचा सहवास आणि योग्य उपचार कोठे मिळतील, हा प्रश्न विचारावा लागतो.

बांधवगडचा धडा

कर्तव्याच्या या सीमारेषा एकाच ठिकाणी गुंतल्या की काय होते, हे बांधवगडने २०२४ मध्ये दाखविले. छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती २०१८ पासून या जंगलात स्थिरावले होते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी १३ हत्तींच्या एका कळपातील अनेक हत्ती खितौली परिसरात निपचित पडलेले आढळले. जबलपूरच्या तज्ज्ञांसह पशुवैद्यकांची पथके तेथे पोहोचली. त्यांनी रात्रंदिवस उपचार केले. तरीही तीन दिवसांत दहा हत्ती मरण पावले.

हत्तींनी मोठ्या प्रमाणावर कोदो खाल्ले होते. हे तेच भरडधान्य, ज्याला कोकणात हरीक म्हणतात. बरेली येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत हत्तींच्या अवयवांत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष आढळले. बुरशी लागलेल्या कोदोने गुंगी येते, हे शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. १९३३ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातही कोदो खाऊन १४ हत्ती मेल्याची नोंद आहे. म्हणजे विष कोणी घातले नव्हते. ते पिकातच तयार झाले होते. मग दोष कोणाचा? कोदो पिकविणारा शेतकरी दोषी नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते त्याचे अन्न आहे. हत्तीही दोषी नाही, कारण त्याला शेताची हद्द कळत नाही. कळपाच्या हालचालींवर वेळीच लक्ष ठेवणे आणि गावकऱ्यांना सावध करणे ही यंत्रणेची जबाबदारी होती. या प्रकरणी वरिष्ठ वन अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले.

या घटनेची दुसरी बाजूही तितकीच दुःखद आहे. त्यानंतर काही दिवसांतच त्याच परिसरात हत्तींच्या हल्ल्यात ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. राज्य शासनाने हत्तींच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास मिळणारी मदत आठ लाखांवरून २५ लाख रुपये केली. ही वाढ योग्यच होती. तथापि वन्यप्राण्यांना जागा देण्याचा निर्णय सारा देश घेतो आणि त्याची पहिली झळ जंगलाकाठच्या माणसाला बसते, हे वास्तव मदतीच्या रकमेने पुसले जात नाही. कान्ह्याची कुरणे बारशिंग्यांसाठी मोकळी झाली, तेव्हा तेथील बैगा आणि गोंड कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली होती. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले, याचा अभिमान बाळगताना हा हिशेबही मांडला पाहिजे. प्राण्यांविषयीचे कर्तव्य दुसऱ्याच्या शेतातून आणि दुसऱ्याच्या घरातून पार पाडले जात असेल, तर ते नैतिक म्हणता येणार नाही.

औषधाने घेतलेले बळी

एका प्राण्यावरील उपचार दुसऱ्या प्राण्याचा घात कसा करू शकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले. गुरांच्या वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यास कारणीभूत होते. असे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत.

औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा डॉक्टरच्या मनात दयाच होती. पाळीव गुराविषयीचे कर्तव्य त्यांनी पार पाडले होते. पण त्या गुराचे कलेवर रानातील साखळीत जाते, याचा विचार झाला नव्हता. भारताने २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पुढे किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस पशुवैद्यकीय वापरापुरती बंदी आली. गिधाडांना घातक न ठरणारे मेलॉक्सिकॅम हे औषध उपलब्ध असल्याने गुरांच्या वेदनांकडे दुर्लक्ष करण्याची वेळ आली नाही. मध्य प्रदेशात २०२५ च्या गणनेत १२ हजारांहून अधिक गिधाडे आढळली. दोन्ही कर्तव्ये एकत्र पाळता येतात, मात्र त्यासाठी एकाच्या वेदनेपलीकडे पाहावे लागते, हे या अनुभवाने शिकविले.

तत्त्वज्ञान काय सांगते?

या प्रश्नावर जगभर विचार झाला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने प्राण्यांची बुद्धी किंवा भाषा यांऐवजी त्यांची वेदना हा नैतिकतेचा निकष मानला. १९७५ मध्ये पीटर सिंगर यांनी तोच धागा पुढे नेला. प्राणी आपल्या जातीचा नाही, एवढ्यामुळे त्याची वेदना कमी लेखणे अयोग्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वेदना मोजायची तर ती सर्वांची सारखीच मोजावी, हा या विचाराचा गाभा आहे आणि त्याचे बळ नाकारता येत नाही.

तथापि केवळ वेदनेचा निकष लावला तर जंगलातील प्रत्येक शिकार थांबविण्याचे कर्तव्य माणसावर येऊन पडेल. म्हणूनच स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका या कॅनडातील अभ्यासकांनी २०११ मध्ये नात्याचा निकष पुढे आणला. पाळीव प्राणी हे आपल्या समाजाचे घटक आहेत. वन्यप्राणी हे जणू आपापल्या मुलखाचे स्वतंत्र रहिवासी आहेत. या दोहोंच्या मध्ये वस्तीच्या आधाराने राहणारे प्राणी आहेत. प्रत्येकाशी आपले नाते निराळे असल्याने देणेही निराळे आहे, असे त्यांनी मांडले. या मांडणीतही त्रुटी आहेत. मोकाट गाय आणि मठातील हत्तीण तिच्या चौकटीत सहज बसत नाहीत. परंतु जबलपूरच्या परिसरातील अनुभव तिच्याशी बराच जुळतो.

भारतीय राज्यघटनेत १९७६ साली समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-अ मध्ये सजीवांविषयी करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच वाक्यात वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करण्याचेही कर्तव्य आहे. करुणा आणि रक्षण हे दोन शब्द तेथे शेजारी ठेवलेले आहेत. व्यवहारात त्यांची सांगड घालताना काही प्रश्न उपयोगी पडतात. हा प्राणी माणसावर अवलंबून आहे काय? असल्यास ते अवलंबित्व कोणी निर्माण केले? त्याच्या संकटास माणूस कारण आहे काय? आणि आपण करू पाहत असलेल्या मदतीची किंमत कोणता दुसरा जीव किंवा कोणते गाव मोजणार आहे?

दारातील बैलाच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. त्याला पाणी, सावली आणि औषध मिळालेच पाहिजे. रानातील वाघाच्या बाबतीत आपले हात मागे घेणे हेच उत्तर असू शकते. शेताच्या बांधावर आलेल्या हत्तीच्या बाबतीत उत्तर प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते आणि ते शोधताना शेतकऱ्याला सोबत घ्यावे लागते. जबलपूरच्या पशुवैद्यकांना हे प्रश्न रोज पडतात. उरलेल्या समाजालाही ते टाळता येणार नाहीत, कारण दूध, रस्ता आणि धान्य यांच्या वाटेने आपण सारेच या प्राण्यांच्या आयुष्यात आधीच शिरलो आहोत.